चारही चाकांना जोर

टायरखाली आलेला तुरीचा वाळलेला दाणा लगेच फुटत नाही; तो आधी फिरतो. त्याचा व्यास साधारण पाच-सहा मिलिमीटर, कवच टणक, आतला ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास. असे काही हजार दाणे डांबरावर पसरलेले असले आणि वर शेंगा-काड्यांचा थर असला, की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये क्षणभर तिसरंच काहीतरी येतं, जे टायरचंही ऐकत नाही आणि रस्त्याचंही. चाकूरच्या अलीकडे, जुन्या रस्त्याच्या एका वळणावर आमच्या गाडीची पुढची चाकं अशा थरावर चढली आणि स्टिअरिंग माझ्या हातात एकाएकी हलकं झालं. तेवढंच झालं. गाडी हातभर डावीकडे सरकली, मग पुन्हा डांबर लागलं आणि स्टिअरिंगला वजन आलं. एक सेकंद, फार तर सव्वा. मी ब्रेक लावला नव्हता. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला होता, हात सैल सोडले होते आणि नजर जिकडे जायचं होतं तिकडे ठेवली होती. यातलं काहीही मी ठरवून केलं नाही. शेजारी बसलेले बाबा रस्त्याकडे बघत नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते.

वळणापलीकडे मी गाडी कडेला घेतली, कारण वाळलेल्या काड्या सायलेन्सरला गुंडाळल्या तर पेट घेतात. हे मला बाबांनीच लहानपणी सांगितलं होतं. एक म्हातारी डोक्यावरचा पदर दातात धरून, दाताळ्यानं काड्या पुन्हा रस्त्यावर सारख्या करत होती. तिनं आमच्याकडे नीट बघितलंही नाही. आमची गाडी तिच्या खळ्यावरून एकदा गेली होती, आता पुढची कधी येते याकडे तिचं लक्ष होतं. नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून या जुन्या रस्त्यावर वाहनं कमी येतात, म्हणून तूर निघायला दोन दिवस जास्त लागतात, अशी तिची तक्रार होती. बाबांनी तिच्याशी थोडा वेळ गप्पा मारल्या. मी वाकून गाडीच्या पोटाखालच्या चार काड्या ओढून काढल्या. डिसेंबर असला तरी ऊन चांगलं तापलं होतं. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, “ब्रेक न्हाई मारलास.” मी म्हटलं, नाही.

बाबा, म्हणजे लिंबाजी, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. नांदेड डेपो. त्यातली सतरा-अठरा वर्षं नांदेड-लातूर याच रस्त्यावर: लोहा, अहमदपूर, चाकूर. आज आम्ही त्यांच्याच हट्टानं जुन्या रस्त्यानं चाललो होतो. गाडी नागसेनची, माझ्या धाकट्या भावाची. तो पुण्याला असतो आणि गाडी नांदेडला घरासमोर धूळ खात असते. बाबांनी आयुष्यात स्वतःची मोटार घेतली नाही. तरी त्यांच्यासारखं रस्त्याचं ज्ञान मी कुणाकडे पाहिलेलं नाही, आणि मी मोजमापं करणाऱ्या माणसांतच राहते. त्यांच्या खिशात कायम एक छोटी डायरी असे. गाडी कुठून किती वाजता सुटली, कुठे थांबली, कशामुळे उशीर झाला, हे ते तीत लिहीत. जे स्वतः घड्याळात पाहिलं ते पेनानं. जे कंडक्टरनं सांगितलं किंवा अंदाजानं धरलं, ते पेन्सिलीनं. पुढे खात्री झाली की पेन्सिलीवरूनच पेन गिरवायचे. नाही झाली तर तसंच ठेवायचे. डेपोत चौकशी लागली तर पेनाचं तेवढं आपलं, असं ते म्हणत. मी प्रयोगशाळेत वही ठेवायला लागले तेव्हा हीच सवय मला लागली. माझ्या वरिष्ठांना ती विचित्र वाटे. ती कुठून आली हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

लातूरला आम्ही आईच्या कार्यक्रमाला चाललो होतो. आई जाऊन दोन वर्षं होत आली. तिचं नाव चांगुणा. माझी धाकटी बहीण दिपाली लातूरला असते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मागच्या वर्षीपासून ती आपल्या घरी करते. मी अठ्ठावीस तारखेला परत जाणार म्हणून या वेळी तिनं तो पंधरा-वीस दिवस अलीकडे घेतला होता. आईचा फोटो, मेणबत्त्या, पांढरे कपडे, सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणायचं, आणि मग जवळच्या माणसांनी दोन शब्द बोलायचे. पहिलं बोलणं बाबांचं. मागच्या वर्षी मी नव्हते. दिपालीनं पाठवलेला व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिला. बाबा हात जोडून उभे होते, आवाज बारीक. आईबद्दल ते चार-पाच वाक्यंच बोलले. मग म्हणाले, “माझी मोठी शिकलेली मुलगी शेवटच्या दर्शनाला येऊ शकली न्हाई. तिची गाडी बर्फाच्या खड्ड्यात फसली. निघाली न्हाई. तिकडून यायचं इमान चुकलं. तिचा इलाज नव्हता.” एवढं बोलून त्यांनी मागच्या ओळीकडे पाहिलं, जिथे गयाआत्या बसल्या होत्या. गयाआत्या म्हणजे बाबांची बहीण. आई गेली तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या की बर्फात फसायला ती काय बैलगाडी हाय का, लेकीला यायचंच नव्हतं. ते वाक्य त्या घरात अजून फिरत असतं आणि बाबांनी उभं राहून त्यालाच उत्तर दिलं.

व्हिडिओ पाहताना एक गोष्ट मला खुपली होती, आणि ती नंतर वर्षभर खुपत राहिली. बाबा बोलले त्याच्या दहाच मिनिटं आधी सगळ्यांनी पंचशील म्हटलं होतं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाबा ते डोळे मिटून, प्रत्येक अक्षर वेगळं करून म्हणतात. आणि मग त्याच तोंडानं ते माझं खोटं बोलले होते.

मी कॅनडाच्या ज्या भागात राहते तिथे वर्षातले पाच महिने जमीन दिसत नाही. मी कडधान्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. मसूर आणि वाटाणा यांचे नमुने येतात, मी त्यातला ओलावा, फुटीचं प्रमाण, रंग तपासते. त्यातला बराच माल जहाजानं भारतात येतो आणि काही लातूरच्या डाळ मिलमध्येही पोचतो. आईला याची गंमत वाटे. लेक तिकडे डाळ निवडते आणि मी इकडे शिजवते, असं ती शेजारणीला, देगलूरच्या शिवम्माला, सांगे. वर पुस्ती जोडे की तिकडची डाळ लवकर शिजत मात्र न्हाई बाई. नोकरी लागली त्याच वर्षी मी गाडी घेतली: राखाडी सेडान, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी. विकणारा माणूस म्हणाला होता की इथे हिच्याशिवाय भागत नाही. गाडीच्या मागे उभी राहून मी फोटो काढला. डिकीवरची ए, डब्ल्यू, डी ही चारही चाकांच्या जोराची अक्षरं माझ्या कोपरापाशी दिसतात. दुसरा फोटो पुढून काढला होता. त्यात जाळीतून लोंबणारी वायर दिसते. तिकडे रात्रभर इंजिनाला विजेवर गरम ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी तेल गोठून गाडी सुरूच होत नाही. आईनं तो फोटो पाहून विचारलं, गाडीची जीभ बाहेर कशी आली गं. बाबांनी मागचा फोटो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला. तो अजून तिथेच आहे. या महिन्यात मी त्याच्यासमोर बसून रोज जेवले.

त्या थंडीत गाडी चालवणं म्हणजे काय, हे मी घरी कधी नीट सांगू शकले नाही. उणे तीस अंशांत सकाळी बाहेर पडलं की नाकातले केस गोठतात आणि पहिला श्वास टोचतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खाली चपटे झालेले असतात. पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी धडधडत जाते, जणू चाकं चौकोनी आहेत. बर्फाचा आवाज तापमानाप्रमाणे बदलतो. उणे दहाच्या खाली तो पायाखाली करकरायला लागतो, आणि जितकी थंडी जास्त तितका तो सूर वर चढतो. लोकांना वाटतं जितकी थंडी कडक तितका बर्फ निसरडा. तसं नसतं. बर्फ सगळ्यात निसरडा शून्याच्या जवळपास असतो. खूप थंडीत तो वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. धोका वेगळाच असतो. धोका त्या गाडीतच असतो. चारही चाकांना जोर असल्यामुळे ती कुठल्याही सिग्नलवरून, कुठल्याही उतारावरून सहज निघते. घसरत नाही, फिरत नाही, कुरकुरत नाही. त्यामुळे रस्ता कसा आहे हे ती तुम्हाला कळूच देत नाही. साधी गाडी निघतानाच दोनदा पाय घसरून सांगते, बाई, आज जपून. ही सांगत नाही. आणि तो चारही चाकांचा जोर फक्त निघायच्या कामाचा असतो. थांबताना ती इतर कुठल्याही गाडीसारखीच असते. हे मला पहिल्या आठवड्यातच माहीत होतं, कागदावर. शाळेतल्या घर्षणाच्या धड्याइतकं सोपं आहे ते. तरी सात हिवाळे मी त्या गाडीतून असं फिरले की जणू निघता आलं म्हणजे सगळं आलं.

अहमदपूर मागे पडल्यापासून बाबा एकेक खूण दाखवत होते. या पुलावर एकदा पाणी आलं होतं आणि त्रेपन्न माणसं छपरावर बसली होती. या लिंबाखाली गुरुबसप्पा नावाचा कंडक्टर गाडी थांबवून भाकरी खायचा. मी हं म्हणत होते. डाव्या बाजूनं चालवायची सवय मोडल्यामुळे माझा हात मधूनच नसलेल्या गिअरकडे जाई आणि दरवाजाला आपटे; तेव्हा बाबा हसत. बाहेर कापसाच्या वाळक्या पळाट्या, मधेच हरभरा, मधेच काहीच नाही. मी लहानपणी याच रस्त्यावर त्यांच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या गरम झाकणावर गोधडी टाकून बसायचे. आई मागच्या पहिल्या सीटवर असे. ती दर घाटवळणाला माझ्या नावानं हाक मारी. फक्त नाव, पुढे काही नाही. मी ओ दिली की गप्प बसे. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या वेळा कारणाशिवाय हाक मारलेली नाही.

बाबांचे फोन आई गेल्यानंतर बदलले. आधी ते दोन मिनिटं बोलून फोन आईकडे देत. आता देण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून ते गाडीबद्दल विचारू लागले. नागसेननं त्यांना फोनवर व्हिडिओ बघायला शिकवलं होतं. बर्फात चालणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ ते तासन्‌तास बघत, कुठल्या कुठल्या देशांतले, ज्यांची भाषा त्यांना येत नाही असे. मला वाटलं हे दुःखाचं एक रूप आहे आणि ते निरुपद्रवी आहे. मग एकदा त्यांनी सहज विचारलं की तुझ्या गाडीची चारही चाकं ओढतात का दोन. मी विषय बदलला. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आवाज तुटतोय बाबा. तिसऱ्या वेळी, याच वर्षी उन्हाळ्यात, मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, हाव का, बरं. त्यांच्यामागे टीव्हीचा आवाज येत होता. त्या टीव्हीच्या वर तो फोटो होता, आणि बाबांना इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरं ओळखता येतात. एकतीस वर्षं त्यांनी नंबरप्लेटा वाचल्या होत्या, आणि त्या व्हिडिओंतल्या गाड्यांच्या पाठीवरही तीच अक्षरं असत. फोन ठेवल्यावर हे माझ्या लक्षात आलं.

आई गेली ती जानेवारीत, पहाटे सहाला, नांदेडच्या दवाखान्यात. माझ्याकडे आदली संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक चाळीसचं विमान मिळालं. बाबांनी सांगितलं, थांबतो, ये. त्यांनी बर्फाची पेटी मागवली. हे दोन शब्द त्यांनी फोनवर सांगितले तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते, बाहेर उणे चोवीस होतं, आणि मला वाटलं की आता आई आणि मी सारख्याच हवेत आहोत. मी सकाळी नऊला निघाले. विमानतळ एकशे चाळीस किलोमीटर. रात्री थोडा नवा बर्फ पडला होता, पिठाएवढा बारीक, खाली जुना दाबलेला थर. गाडी अशी निघाली की जणू काही नाहीच. साठ किलोमीटर झाल्यावर एक तिठा येतो, तिथे थांबायची पाटी आहे आणि थांबणाऱ्या चाकांनी घासून तिथला बर्फ काचेसारखा झालेला असतो. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, तसं ते थरथरतं, आणि गाडी त्याच वेगानं, अगदी सरळ, पाटीजवळून पुढे गेली. मला आठवतं की मी पाटीकडे वळून पाहिलं. मग गाडी रस्त्याकडेच्या खोलगट नाळीत उतरली आणि बर्फात छातीपर्यंत जाऊन थांबली. धक्का असा बसलाच नाही. गादीवर बसल्यासारखं वाटलं. घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती.

इथपर्यंत मी घरी सांगितलं ते सगळं खरं आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी खाली उतरले. डिकीत फावडं असतं, वाळूची पिशवी असते, मेणबत्ती आणि घोंगडी असते; तिकडे प्रत्येकाच्या गाडीत असतात. आधी मी धुराच्या नळीसमोरचा बर्फ काढला, कारण नळी बंद झाली आणि इंजिन चालू राहिलं तर विषारी वायू आत येतो. मग चारही चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ काढला, वाळू टाकली. वीस-बावीस मिनिटं लागली. आत बसून रिव्हर्स घातला आणि पाय अगदी हलका ठेवला. गाडी मागे आली. एक हात, दीड हात. चारही चाकांनी धरलं होतं. ते सीटखाली कळतं, गाडी जरा खाली बसते आणि मग उचलते. अजून दोनदा पुढे-मागे केलं असतं तर ती रस्त्यावर होती. साडेदहाही वाजले नव्हते. विमानतळ ऐंशी किलोमीटर. मी गिअरचा दांडा पार्कमध्ये टाकला आणि हात मांडीवर ठेवले.

कारण शोधणं हे माझं काम आहे, आणि या एका गोष्टीला मी दोन वर्षांत पाच-सहा कारणं लावून पाहिली. पेटीतला चेहरा बघायची भीती होती, हे एक. मी पोचेपर्यंत काही संपणार नाही, मग मी पोचलेच नाही तर, असाही एक विचार असावा. पण तो मी नंतर रचला असेल. आदल्या ऑक्टोबरात आई म्हणाली होती की या डिसेंबरात येऊन जा, आणि मी म्हटलं होतं की नमुन्यांचा हंगाम आहे. त्याचाही काही भाग असेल. पण त्या वेळी आत बसलेल्या बाईला यातलं काही वाटत नव्हतं. गाडी उबदार होती. काचेवर बर्फाचे कण बसत, त्यांचे सहा हात क्षणभर दिसत आणि विरत. मला रडू येत नव्हतं. मला खरं म्हणजे बरं वाटत होतं, आणि हे लिहितानाही मला तो शब्द बदलावासा वाटतो, पण दुसरा शब्द नाही. अकराच्या सुमारास एक शेतकरी आपली मोठी गाडी थांबवून खाली उतरला. तिकडे अडकलेल्या गाडीजवळून कुणी न थांबता जात नाही. त्यानं काचेवर टकटक केलं आणि ओढून काढू का, असं विचारलं. मी सांगितलं की मदत येतेय, मी फोन केलाय. हे पहिलं खोटं. तो निघून गेला. बारा वाजले तेव्हा मला माहीत होतं की आता निघाले तरी पोचेन, जेमतेम. साडेबारालाही थोडी शक्यता होती. मी शक्यता मोजत बसले. एक चाळीसला ती शून्य झाली. मग मी फोन केला. तिकडे रात्रीचा सव्वा वाजला होता. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, गाडी खड्ड्यात गेली, निघेना, विमान गेलं. त्यांनी तीनदा विचारलं, तू बरी हायस ना. मी तीनदा हो म्हटलं. मग म्हणाले, “बरं माय. उद्या आम्ही करून घेतो. तू उबेला बस.” फोन ठेवून मी रिव्हर्स घातला. गाडी तिसऱ्या झटक्यात रस्त्यावर आली. साठ किलोमीटर चालवत मी घरी गेले आणि तिची जीभ प्लगमध्ये खोचली.

त्यानंतर किती वेळा मी सांगायचं ठरवलं, त्याचा हिशोब लागत नाही. या महिन्यात तर रोज. सकाळी बाबा दात घासताना ठरवायचं, ते चहाला बसले की थांबायचं. बाबा सत्तरी पार केलेले, त्यांच्या छातीत एक स्प्रिंग बसवलेली. आणि खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. गयाआत्यांसमोर ज्या माणसानं माझी बाजू घेतली, तो एकच माणूस होता. खरं कळून तेही दुरावले तर माझ्या बाजूनं कुणी नसेल. आज मात्र संध्याकाळी पाचला ते पुन्हा उभे राहतील, पंचशील म्हणतील, आणि मी या वेळी व्हिडिओत नाही तर पहिल्या ओळीत बसलेली असेन.

चाकूरला बाबांनी गाडी थांबवायला लावली. स्टँडजवळ त्यांच्या ओळखीची एक टपरी होती. मालक बदलला होता, मुलगा बसला होता, पण त्यानं बाबांना ओळखलं, बाक पुसला आणि पैसे घेणार नाही असं आधीच सांगून टाकलं. आम्ही सावलीत बसलो. मी चहाच्या कपाला दोन्ही हातांनी धरलं, तिकडच्या सवयीनं. बाबांनी ते पाहिलं. मग त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. म्हणाले, “तुरीवर गाडी गेली तवा दुसरं कुणी असतं तं ब्रेक मारून नाल्यात गेलं असतं. मी बघून राहिलो होतो. तुझा पाय लई शहाणा हाय.” हे कौतुक होतं. त्यांनी आयुष्यात माझ्या परीक्षांचं कौतुक केलं ते पेढे वाटून, शब्दांत कधी नाही. आणि आज पायाचं केलं. मी म्हटलं, सवय झाली. ते म्हणाले, हाव, सवय. आणि रस्त्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. आजचं भाषण. मागच्या वर्षी बोलताना गडबडलो, म्हणून या वर्षी लिहून काढलं, असं म्हणाले. शुद्धलेखन बघून दे. मी कागद उलगडला. निळ्या पेनानं, टेकवून टेकवून लिहिलेलं. चांगुणाबाईचा जन्म उमरी तालुक्यात झाला. तिनं दुसऱ्याच्या रानात खुरपून तीन लेकरं शिकवली. ती माझ्यावर कधी रागावली नाही, फक्त बोलायची बंद व्हायची. इथे मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पुढे अजून तीन-चार वाक्यं. आणि खाली, शेवटून दुसरं, ते वाक्य. माझी मोठी मुलगी विशाखा शेवटच्या दर्शनाला येऊ शकली नाही, कारण तिची गाडी बर्फात फसली व निघाली नाही. अक्षर तेच होतं, ओळही सरळ होती. फक्त ते वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. रस्त्यावरून ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, त्याला बराच वेळ लागला. मला वाटलं होतं की ज्या दिवशी बाबांना कळेल त्या दिवशी ते काहीतरी विचारतील, आवाज चढवतील, किंवा गप्प होतील आणि मला ते गप्प होणं ओळखता येईल. पण हा कागद आठ-दहा दिवस तरी त्यांच्या खिशात असणार. घड्या मळकट झाल्या होत्या. या आठ-दहा दिवसांत त्यांनी मला बोरं आणून दिली होती, माझ्या चपलेचा अंगठा शिवून आणला होता, रोज दोन वेळा उशाला पाणी भरून ठेवलं होतं. आणि दोन वर्षं ते त्या परक्या भाषेतल्या व्हिडिओंत नाळीतून वर येणाऱ्या गाड्या बघत होते. मी कागदावरून वर पाहिलं नाही. कागदाच्या कडेला त्यांचा हात आला. हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

“बाकीचं राहू दे,” बाबा म्हणाले. “तेवढी एक ओळ तू गिरवून दे. तुझ्या हातानं. मंग मी वाचतो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चौकशीही नव्हती. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या गाडीला पुढे जा म्हणायचे, तसं काहीतरी होतं. मी पेन घेतलं. ते उन्हानं गरम झालेलं होतं. कागद मांडीवर सरळ केला आणि टोक पहिल्या अक्षरावर ठेवलं. ‘माझी’चा म. निळा ठिपका पडला आणि कागदात थोडा पसरला. हात पुढे नेला असता तर ओळ आपोआप झाली असती. पेन्सिलीवरून गिरवायला जोर लागत नाही. पेडल थरथरावं तसं काहीतरी पायाच्या तळव्याला जाणवलं, आणि मी बोटं सैल केली. टपरीवाल्यानं कप उचलले, बाक पुसला, गेला. बाबा थांबले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मी पेनाचं टोपण लावलं आणि ते त्यांच्या खिशात परत ठेवलं.

“हे वाचू नका, बाबा,” मी म्हटलं. “गाडी निघत होती. मी काढली नाही. आज तिथं ही ओळ आली की तुम्ही खाली बसा. पुढचं मी बोलते.”